उसनं घंगाळ

आमच्या गावच्या संग्रहालयात वर्षातले दहा महिने शिपाई आणि दारातला वीरगळ असे दोघेच असतात, आणि दोघांत जास्त हालचाल कोण करतं याबद्दल गावात दुमत आहे. संग्रहालय म्हणजे जुन्या वाचनालयाच्या मागच्या साडेतीन खोल्या. साडेतीन अशासाठी, की चौथ्या खोलीच्या अर्ध्या भागात डासांसाठी धूर फवारायची यंत्रं ठेवलेली असतात. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्यांनी त्यातलं एक यंत्र दोन्ही हात मागे बांधून बराच वेळ न्याहाळलं आणि शिपायाला विचारलं, "ही तोफ कुठल्या काळातली?" शिपाई म्हणाला, "मलेरियाच्या."

मे महिन्यात मात्र या साडेतीन खोल्यांना जाग येते. एप्रिलच्या शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शटरवर 'घरगुती कुरडया, पापड मिळतील' आणि 'जलतरण वर्ग भरले आहेत' या दोन कागदांच्या मधोमध तिसरा कागद चिकटला. उन्हाळी संग्रहालय शिबिर. वयोगट आठ ते चौदा. मोडी लिपी, नाणी, वारसा फेरी, सहल, शेवटच्या दिवशी 'घरातली जुनी वस्तू'. तळाशी लाल अक्षरांत: पालकांनी सोबत थांबू नये.

त्याच आठवड्यात बहिणीची दोन मुलं आमच्याकडे सुट्टीला येऊन दाखल झाली होती. थोरली सातवीतून आठवीत गेलेली, धाकटा तिसरीतून चौथीत. मामाचा गाव म्हणजे काय, तर जिथे वायफायचा पासवर्ड मामीला विचारावा लागतो ती जागा, एवढी त्यांची समजूत पक्की होती. जलतरण वर्ग भरले होते. कुरडया शिकवायला माझी बायको तयार होती, पण मुलं तयार नव्हती. राहता राहिला तिसरा कागद.

खरं तर उन्हाळा आणि संग्रहालय यांचं नातं मला आधी कळत नसे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. १९७७ साली संग्रहालयवाल्यांच्या जागतिक परिषदेने तो ठरवला, तेव्हा त्या बैठकीत विदर्भातलं कोणी नसणार. १८ मेच्या दुपारी नागपुरात माणूस घराबाहेर पडतो तो नाइलाजानेच. १८६३ पासून उभ्या असलेल्या तिथल्या 'अजब बंगला' या संग्रहालयाने असे किती मे महिने पाहिले असतील, देव जाणे. पण शिबिराच्या पहिल्या दिवशी मुलांना सोडायला गेलो आणि उलगडा झाला. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं आणि आत अडीच फुटी भिंतींच्या पोटात माठातल्यासारखा गारवा. आमच्या गावात फुकटात इतकं थंड दुसरं ठिकाण म्हणजे देवळाचा गाभारा, पण तिथे फार वेळ बसलं की लोकांना आपली काळजी वाटू लागते.

मी मुलांना सोडून निघालो. आई निघेना.

"अगं, पालकांनी थांबायचं नाही म्हणून लिहिलंय."

"मी पालक कुठे आहे? मी आजी आहे."

या पळवाटेला उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी शिबिरात चौदा मुलं होती आणि भिंतीकडेच्या बाकांवर नऊ आजी-आजोबा.

संग्रहालय सांभाळणारी मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकून आलेली. वय असेल अठ्ठावीस-तीस. गावात सगळे तिला 'क्युरेटरबाई' म्हणतात आणि बऱ्याच जणांना तो आडनावाचा प्रकार वाटतो. मुलांसाठी तिने फार मन लावून आखणी केली होती. आजी-आजोबांसाठी तिने काहीच आखलं नव्हतं, आणि तिथेच खरी गंमत झाली.

दुसऱ्या खोलीत एका काचेच्या पेटीत लाकडाचं एक मोठं उथळ भांडं आहे. त्याची पाटी गेली कित्येक वर्षं तीच: 'काष्ठपात्र. एकोणिसावे शतक. धार्मिक विधीसाठी.' मुलं तिथून पुढे सरकली. आई सरकली नाही. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कसला मेला विधी! काठवट आहे ही. पीठ मळायचं, भाकरी थापायची."

बाकावरून दुसऱ्या एक आजी उठल्या. "आणि काठाला ही चीर बघा. आमच्याकडेही अशीच गेली होती. उन्हात वाळत टाकली की जातेच."

"उन्हात कशाला टाकायची? सावलीत उभी करून ठेवायची."

"सांगणार कोण? थोरल्या जाऊबाई होत्या."

क्युरेटरबाई वही घेऊन धावत आली. त्या काठवटीच्या निमित्ताने अर्ध्या तासात तिने चार पानं भरली: लाकूड कुठलं चांगलं, तडा गेला तर कशाने बुजवायचा, बाजरीचं पीठ ज्वारीपेक्षा कसं लवकर विरजतं, आणि थोरल्या जाऊबाई एकंदरीत कशा होत्या. नंतर ती मला हळूच म्हणाली, "काका, आमच्यात एक जुना विनोद आहे. उपयोग कळला नाही की 'धार्मिक' लिहायचं." दुसऱ्या दिवशी पाटी बदललेली होती. आईने ती तीन वेळा वाचली. आपल्या बोलण्याने छापील अक्षर बदलतं, हा अनुभव तिला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा आला. घरात तर आम्ही तिच्या सांगण्यावरून साधी गॅसची शेगडीसुद्धा इकडची तिकडे केली नव्हती.

त्या दिवसापासून आईला संग्रहालयाची चटकच लागली. घरी आल्यावर माळ्याकडे ती वेगळ्याच नजरेने पाहू लागली. माळा आणि संग्रहालय यांत फरक काय, तर पाटीचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी लहानपणी तिच्याबरोबरच गेलो होतो, तेव्हाचं तिचं वाक्य मला आठवतं. अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभी राहून ती म्हणाली होती, "एवढे अडकित्ते! आणि सुपारी कुठे दिसत नाही." दिनकर गंगाधर केळकरांचं पुण्यात चष्म्यांचं दुकान होतं आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. समया, दौती, वज्र्या, अडकित्ते, कोरीव दरवाजे असं करत करत वीसेक हजार वस्तू झाल्या. मस्तानीचा कोथरूडचा महाल पडायला आला होता, तर त्याचे भाग आणून तोसुद्धा आत उभा केला. आणि हे सगळं बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. लोकांच्या डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि मग त्यांच्याच माळ्यावरच्या वस्तू त्यांना दाखवायच्या, असा तो उद्योग होता. यात कमलाबाई केळकरांना घर चालवताना काय वाटत असेल, हा प्रश्न आईने तेव्हाही विचारला होता. त्याचं उत्तर अजून कुठल्या पाटीवर मी वाचलेलं नाही.

वारसा फेरी सकाळी सातला निघायची, कारण नऊनंतर वारसा चटके देऊ लागतो. फेरीची सुरुवात दारातल्या वीरगळापासून. मी आजवर त्याला सायकल टेकवत आलो होतो. क्युरेटरबाईने मुलांना सांगितलं, की हा दगड खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, वीर पडलेला. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. त्याच्यावर तो शिवलिंगापुढे बसून पूजा करतोय. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. धाकटा म्हणाला, "म्हणजे कॉमिक आहे. फक्त उलटं." मग त्याने विचारलं, "याचं नाव काय होतं?" त्यावर नाव कोरलेलं नाही, असं उत्तर मिळाल्यावर तो जरा वेळ गप्प उभा राहिला. चंद्र-सूर्य कोरायला जागा होती, नाव तेवढं राहून गेलं. त्या दिवसापासून मी सायकल पिंपळाला टेकवतो.

सहल औंधला गेली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारांचे बाळासाहेब. ते स्वतः चित्रकार, आणि १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर आपलं संग्रहालय उभारलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं माय-लेकरू आहे. साताऱ्याच्या माळरानावर हेन्री मूर! क्युरेटरबाईचे डोळे सांगताना चमकत होते. मुलांनी ते बघितलं, आजी-आजोबांनीही बघितलं. एक आजोबा म्हणाले, "पूर्ण व्हायचं राहिलंय वाटतं." परतीच्या प्रवासात बसमध्ये भेंड्या झाल्या आणि दोन मुलांना गाडी लागली. सहलीबद्दल एवढं पुरे.

मात्र जाताना बस साताऱ्यावरून गेली, तेव्हा आईला वाघनखांची आठवण झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती तीन वर्षांच्या बोलीवर आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन सुरू झालं, तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. एवढीशी वस्तू, तिच्यासाठी केवढी रांग. आईने ती हात जोडून पाहिली आणि बाहेर आल्यावर विचारलं, "आता इथेच राहणार ना?"

"नाही. तीन वर्षांनी परत द्यायची. उसनी आणलीत."

"आपलीच वस्तू आपण उसनी आणली?"

"तसंच काहीसं."

"आणि परत देणार?"

"लिहून दिलंय आई."

आई बराच वेळ काही बोलली नाही. बसस्टँडवर उसाचा रस पिताना म्हणाली, "मी नसती दिली." हे वाक्य पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

मोडीचे वर्ग चार दिवस होते. शिकवायला एक निवृत्त सर. त्यांची गावात पूर्वी फारशी विचारपूस नसे. पण कुणबी नोंदी शोधायच्या निमित्ताने अलीकडे मोडी वाचणाऱ्यांना असा काही भाव आला, की सरांना भेटायचं तर आता आधी फोन करावा लागतो. सरांनी बोरू कसा धरायचा ते दाखवलं. आधी कागदभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. आणि मग सरांनी ते वाक्य उच्चारलं, ज्याने चौदाच्या चौदा मुलं मोडीच्या प्रेमात पडली: "मोडीत ऱ्हस्व-दीर्घ मानत नाहीत."

क्षणभर शांतता पसरली. मग थोरलीने हात वर केला. "सर, मराठीच्या पेपरला मोडीत लिहिलं तर चालतं?"

पन्नासच्या दशकापर्यंत ही लिपी आपल्या शाळांत शिकवली जायची आणि सात-आठशे वर्षांचा कारभार तिच्यात झाला, असं सर सांगत होते. २०१४ साली युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली, तेव्हा आता ती मोबाइलवरही लिहिता येते, हेही त्यांनी सांगितलं. दोन दिवसांत मुलांची मजल एकमेकांना मोडीत चिठ्ठ्या लिहिण्यापर्यंत गेली. त्या आम्हाला वाचता येत नसत आणि मुलांना शिबिराचा झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच होता.

तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "कुणाच्या घरी जुना मोडी कागद आहे का?"

आमच्या घरी होता. देवघरात, टाकांच्या मागे, लाल फडक्यात बांधलेला. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे. ती आमच्या घराण्याची सनद. कोणी म्हणे पेशव्यांनी दिली, कोणी म्हणे थेट छत्रपतींनी. जमीन किती बिघे होती याबद्दल मात्र एकमत होतं: जी आता आपल्याकडे नाही तेवढी. माझे आजोबा चिडले की म्हणत, "फडकं सोडायला लावू नका, अर्धा गाव आपल्या नावावर निघेल." या धाकामुळे म्हणा किंवा वाचता येत नव्हतं म्हणून म्हणा, फडकं कधी सुटलं नाही.

आईने ते सोडलं. ती या घरात सून म्हणून आलेली. सासरच्या सनदेबद्दल सुनेच्या मनात जेवढा आदर असायला हवा तेवढाच तिच्या मनात होता, एक धागाही जास्त नाही.

सरांनी कागद टेबलावर पसरला. चौदा मुलं, नऊ आजी-आजोबा, क्युरेटरबाई, मी आणि दारात शिपाई. सर म्हणाले, "मी वाचणार नाही. मुलं वाचतील." मुलांनी अक्षर अक्षर जुळवायला सुरुवात केली. पहिली ओळ बऱ्यापैकी निघाली: शके १८२०, वैशाख. म्हणजे इसवी सन १८९८. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पेशवाई जाऊन ऐंशी वर्षं झाली होती.

मी म्हणालो, "नक्कल असेल. मूळ सनदेची."

दुसऱ्या ओळीत 'लग्नकार्या' असं काहीतरी निघालं. तिसऱ्या ओळीत 'बितपशील'. सरांनी समजावलं, बितपशील म्हणजे पुढे यादी येणार. गावांची, माझ्या मनात आलं. मुलं आता रंगात आली होती. "त... प... तपेली! तपेली पितळी, दोन." "परात, एक." "झारे, तीन." "समई, जोड." धाकटा टेबलावर चढायचा बाकी होता. आणि मग थोरलीचं बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं. तिने सरांकडे पाहिलं, सरांनी मान हलवली.

"घंगाळ तांब्याचं, नग एक."

माझ्या खापरपणजोबांनी मुलाच्या लग्नासाठी गावातल्या एका घरून मागून आणलेल्या भांड्यांची ती यादी होती. ज्यांच्याकडून आणली त्यांचं नाव वरच होतं, आडनावासकट. आणि ते आडनाव मी जन्मापासून ओळखत होतो. आमच्या न्हाणीघरात, दोन कड्यांच्या त्या जड तांब्याच्या घंगाळाच्या काठावर ते ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं आहे.

भांड्यावर नाव घालतात ते याचसाठी. लग्नकार्यात गावभर फिरून आलेली तपेली आपापल्या घरी परत जावीत म्हणून. आमच्या घंगाळावरच्या परक्या आडनावाचा खुलासा मला लहानपणीच मिळाला होता: ते खापरपणजीच्या माहेरचं नाव, तिच्या रुखवतात आलेलं भांडं. खुलासा इतका पटण्यासारखा होता की कोणाला शंका आली नाही. म्हणजे मला आली नाही. आई म्हणाली, "मला लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवाळीतच आली होती. खापरसासूबाईंचं माहेर कोकणातलं, आणि हे आडनाव घाटावरचं. पण नव्या सुनेने बोलायचं नसतं."

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. त्या घराण्यातलं कोणी वाचत असलं तर घंगाळ मागायला यायचं.

यादीच्या शेवटी 'परत' असा शब्द होता आणि त्याच्यापुढे तारखेसाठी सोडलेली जागा. ती कोरी होती. दारातून शिपाई म्हणाला, "म्हणजे सव्वाशे वर्षं दसऱ्याला उधारीच्या चिठ्ठीला हळदकुंकू." हसण्याचा एवढा मोठा आवाज त्या संग्रहालयाने कधी ऐकला नसेल. मीही हसलो. दुसरं काय करणार?

सर मात्र कागदावरच वाकलेले होते. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "त्या वर्षांत आपल्या भागात प्लेग फिरत होता. लोक गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहत. उंदीर पडला की घराला कुलूप आणि चला रानात. परतल्यावर कोणाचं घर भरलेलं असे, कोणाचं रिकामं." त्यांनी कोऱ्या जागेवर हलकेच बोट ठेवलं. "भांडी परत करायला हे गेलेही असतील. घ्यायला कोणी असेलच असं नाही."

मुलं गप्प झाली. मग आईच म्हणाली, "तपेली, झारे, समया काही आपल्या घरात नाहीत हो. घंगाळच तेवढं आहे." याचा अर्थ बाकीची परत गेली आणि घंगाळ ठेवून घेतलं असाही होतो, किंवा बाकीची आम्ही मोडीत घातली असाही होतो. मोडी आणि मोडीत यांच्यातलं हे नातं मला तेव्हाच सुचलं, पण त्या प्रसंगी बोलण्याजोगं नव्हतं.

सरांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. १८९८ सालीच इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. म्हणजे एक विद्वान जुनी दप्तरं मिळवण्यासाठी लोकांची दारं वाजवत होता, आणि त्याच सुमाराला आमचे खापरपणजोबा भांड्यांसाठी वाजवत होते. राजवाड्यांना लोक कागद द्यायला राजी नसत. खापरपणजोबांना भांडी मिळाली. आमच्या घराण्याला इतिहासात जागा असलीच तर ती इथे आहे.

शेवटच्या दिवशी 'घरातली जुनी वस्तू'. मुलं काय काय घेऊन आली! रॉकेलचा स्टोव्ह, मापाचं पितळी चिपटं, रेडिओ, एकाने तर आजोबांनाच आणलं. आमच्याकडून घंगाळ जाणार हे उघड होतं. रिक्षात ते मावेना. शेवटी शिपाई भाजीवाल्याची हातगाडी घेऊन आला आणि घंगाळाची मिरवणूक निघाली. वाटेत क्युरेटरबाईने मुलांना घारापुरीच्या दगडी हत्तीची गोष्ट सांगितली. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं; उचलताना तो यारीवरून खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुन्हा जोडून तो मुंबईत राणीच्या बागेत उभा आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी. आईने घंगाळाच्या कडीवर हात ठेवत म्हटलं, "जड होता म्हणून राहिला बिचारा."

संग्रहालयात पोचल्यावर क्युरेटरबाईने एक अर्ज पुढे केला. तिला घंगाळ कायमचं हवं होतं. कागद आणि वस्तू एकत्र मिळण्याचा असा योग फार विरळा, म्हणाली. अर्जात रकाने होते. वस्तूचे नाव. धातू. काळ. इथवर ठीक चाललं होतं. मग रकाना आला: 'वस्तू देणाऱ्याकडे कशी आली? (वारसा / खरेदी / भेट / अन्य)'. मी पेन हातात धरून बसलो. आईने ते काढून घेतलं आणि 'अन्य'पुढे लिहिलं: मागून आणली.

पुढचा रकाना: 'देणगीदाराचे नाव'.

"देणगी कशी देणार?" आई म्हणाली. "आपली वस्तू असती तर दिली असती."

"मग काकू, मालकांना शोधूया," क्युरेटरबाई म्हणाली.

"शोध की. आले तर त्यांच्या हातात देईन, ओवाळून देईन. तोवर आमच्याकडे राहील. एवढी वर्षं आम्ही सांभाळलंय, चिंचेने घासलंय."

मला साताऱ्याचा बसस्टँड आणि उसाचा रस आठवला, पण मी काही बोललो नाही. लंडनची संग्रहालयंही आपली बाजू साधारण अशीच मांडतात. चिंचेचा मुद्दा तेवढा त्यांना सुचलेला नाही.

"शिवाय," आई म्हणाली, "मे महिन्यात मी आंबे कशात भिजवू?"

हे खरं होतं. न्हाणीघरातून घंगाळ निवृत्त झालं त्याला तीस वर्षं झाली, पण रसाचे आंबे आमच्याकडे त्याच्यातच भिजतात. स्टीलच्या पातेल्यात भिजवलेल्या आंब्याची उष्णता जात नाही, असं आईचं मत आहे.

तोडगा थोरलीने काढला. ती बोरू घेऊन बसली, कागदावर आडवी रेघ मारली आणि सरांकडे अधूनमधून पाहत मोडीत लिहू लागली. संग्रहालयास प्रदर्शनाकरितां दिलें घंगाळ तांब्याचं, नग एक. पावसाळा लागल्यावर न्यावें, आंबे येण्याआधीं परत करावें. धाकट्याने विचारलं, मालक कोण म्हणून लिहायचं? थोरलीने घंगाळाच्या काठावरचं नाव पाहून ते तसंच्या तसं वर उतरवलं आणि खाली आमचं लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नव्हता.

क्युरेटरबाईने सही केली. शिपायाने साक्षीदार म्हणून केली. आईने कागद हातात घेतला, तिला मोडीचं एक अक्षर येत नसताना वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिला, आणि तिचं बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

"तारीख घाल," ती म्हणाली.